तासगावचे परशुरामभाऊ

लहानपणी भाद्रपद शुद्ध पंचमीला आमच्या शाळेची घंटा होत नसे. त्या दिवशी गणपतीचा रथ. सकाळपासून खेड्यापाड्यांतून माणसांचा लोंढा गावात येई आणि दुपारी देवळासमोर पाय ठेवायला जागा उरत नसे. मग तीन मजली लाकडी रथाचे दोरखंड हजारो हातांत जात आणि गुलालाच्या धुरळ्यातून रथ काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे हलू लागे.

माझा मामा कोल्हापूरकडचा. तो दर वर्षी रथाला येई, दोराला हात लावी आणि रात्री पंगतीत बसला की वडिलांची थट्टा करी. तुमच्या भाऊंचे तासगाव आमच्या लोकांनी जाळले होते, असे तो हसत हसत म्हणे. वडील हसत नसत. ताटावरून उठण्यापर्यंत एकदा वेळ आली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या आगीची धग आमच्या स्वयंपाकघरात कशी पोचते, हे मला तेव्हा कळत नव्हते. कॉलेजात इतिहास हा विषय घेतला आणि हे भाऊ कोण, याचा मी शोध घेऊ लागलो.

भाऊ म्हणजे परशुराम रामचंद्र पटवर्धन. त्यांचे आजोबा हरभट कोकणातल्या कोतवड्याचे. ते इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये होते. पुढे त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली. भाऊंचा जन्म १७३९ च्या सुमाराचा. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६४ मध्ये पटवर्धनांना मोठा सरंजाम दिला, त्यात मिरज, कुरुंदवाड आणि तासगाव अशा तीन शाखा झाल्या. तासगाव भाऊंकडे आले. दक्षिणेकडून हैदर येई आणि पलीकडे कोल्हापूरचे छत्रपती होते. या दोघांवर नजर ठेवायची, हाच त्या सरंजामाचा एक हेतू होता. तेव्हा कोल्हापूर आणि तासगाव यांचे वैर कुणाच्या स्वभावातून उपजले नव्हते. ते त्या नेमणुकीतच होते.

भाऊंचे पुढले आयुष्य घोड्यावर गेले. १७८१ मध्ये बोरघाटातून माघार घेणाऱ्या इंग्रज सेनापती गॉडर्डला सळो की पळो करणाऱ्यांत ते होते. १७९०-९१ मध्ये टिपूविरुद्धच्या युद्धात त्यांनी धारवाडच्या किल्ल्याला अनेक महिने वेढा घालून तो घेतला. या वेळी मात्र इंग्रजांची एक पलटण त्यांच्या बाजूने लढत होती. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठ्यांच्या एकत्र फौजेचे सेनापतिपद त्यांच्याकडे होते. त्या मोहिमेत ते जखमी झाले, पण जय मराठ्यांचा झाला.

याच माणसाने १७७९ मध्ये आमच्या गणपतीचे देऊळ बांधायला घेतले. दक्षिणेत पाहिलेली गोपुरे त्यांच्या मनात भरली असावीत, कारण आपल्या मुलखात क्वचितच दिसणारे सात मजली गोपुर त्यांनी देवळापुढे उभारले.

आणि याच माणसाच्या कर्नाटक मोहिमेत, १७९१ मध्ये, मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठ पुन्हा उभा करायला पैसा पाठवला तो टिपू सुलतानाने. हे प्रथम वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. वडिलांना सांगावे की नाही, याचा आठवडाभर विचार केला आणि शेवटी सांगितले. ते काही बोलले नाहीत.

भाऊंची उतरण खर्ड्यानंतर लगेच सुरू झाली. १७९५ च्या अखेरीस सवाई माधवराव गेले आणि पेशवाईच्या गादीवरून पुण्यात कारस्थानांना ऊत आला. नाना फडणीस आणि भाऊ जुने सोबती, पण १७९६ मध्ये भाऊंनी चिमाजीअप्पांना गादीवर बसवले आणि दोघांची ताटातूट झाली. नानांनी डाव उलटवला, भाऊ कैदेत पडले. त्याच धामधुमीत नानांच्याच चिथावणीने कोल्हापूरकर भाऊंच्या मुलखात शिरले. त्यांनी तासगाव लुटले, भाऊंचा वाडा जाळला. मामाची थट्टा खरी होती. पण त्या आगीला वारा घालणारा हात पुण्याचा होता, हे मामालाही ठाऊक नव्हते.

१७९८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती दुसरे शाहू यांनी पेशव्यांचे जोखड झुगारायचा प्रयत्न केला. त्यांना मोडण्यासाठी भाऊंची सुटका झाली. ज्या छत्रपतींच्या नावाने सारा कारभार चाले, त्यांच्यावरच साठीच्या घरातल्या या सेनानीला चालून जावे लागले. सातारा पडला, पण महाराजांचे भाऊ चतुरसिंग निसटून कोल्हापूरकरांना मिळाले. मग भाऊ कोल्हापूरवर निघाले. सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडीजवळ पट्टणकुडीला लढाई झाली. पटवर्धनांचा मोड झाला आणि भाऊ पडले. इकडे तासगावात गणपतीचे देऊळ पुरे झाले ते याच वर्षी.

भाऊंचे चिरंजीव अप्पासाहेब सूड घ्यायला निघाले. १८०० मध्ये कोल्हापूरला वेढा पडला. मार्चमध्ये नाना वारले, पुण्यातला वारा फिरला आणि वेढा उठला. पुढे १८१२ मध्ये पटवर्धनांनी आणि कोल्हापूरकरांनी, दोघांनीही, इंग्रजांशी करार केले. १८४८ मध्ये तासगावची जहागीर वारसाअभावी खालसा झाली. पट्टणकुडीला कोण जिंकले, असे आता मला कोणी विचारले तर उत्तर देताना मी अडखळतो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले. त्यात हरलेल्या दक्षिणेकडच्या अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांत आजही एप्रिलमध्ये त्या बाजूच्या मृत सैनिकांच्या स्मरणाची सरकारी सुट्टी असते. आपल्या मेलेल्या माणसांसाठी रडण्याचा हक्क कोणालाही आहे. पण ती बाजू गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली, ही गोष्ट अशा स्मरणातून फार काळ गाळली गेली, म्हणून त्या सुट्टीवरून तिथे अजून भांडणे होतात. जॉर्जियाने २०१५ मध्ये तिचे नावच बदलले. हे वाचताना मला शृंगेरी आठवली. आपल्या भाऊंचा पराक्रम सांगताना तेवढे पान आम्हीही उलटून पुढे जातो.

आमच्या रथाच्या दिवसाला पट्टणकुडीचे नाव नाही, हे मला आता आमचे भाग्य वाटते. भाऊंच्या घराण्याने तो दिवस शोकाचा केला नाही, की सुडाचाही केला नाही. मामाच्या गावी पट्टणकुडीच्या विजयाचा सण मी कधी ऐकला नाही. भाऊ हरले, पण त्यांनी बांधलेल्या देवळापुढचा दोर ज्याला हवा त्याने धरावा. कोल्हापूरकराला तिथे कोणी गाव विचारत नाही.

गेल्या वर्षी मामा आला तेव्हा रात्री मी त्याला आणि वडिलांना हे सारे सांगितले. वाड्याची आग सांगितली, नानांचा हात सांगितला, शृंगेरीही सांगितली. मामाने त्या दिवशी थट्टा केली नाही. वडिलांनी त्याला आणखी एक वाढायला सांगितले. दोघांच्याही तळहातांवर दोराचे वळ होते, आणि ते सारखेच लाल होते.