चाळिशीतली वाडी
चाळिशीत नोकरी सोडून धंदा करावा का, हा प्रश्न पडला की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. जन्म १८६९चा. रंगांधळेपणामुळे चित्रकला सुटली, म्हणून मुंबईत यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते शिक्षक झाले. बढती डावलल्यावर नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं. मग लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळे तो खपायला २ वर्षं लागली. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलचं माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेव्हा त्यांची चाळिशीच होती.
माझ्या सॉफ्टवेअरची कल्पना तयार आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास बसेपर्यंतची २ वर्षं निभावतील का, एवढाच हिशेब सध्या मांडतेय.