सायकलवीर मेजर टेलर



तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे सायकल आहे. गियर बदलला की चढ सोपा होतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या शर्यतीच्या सायकलला बदलायला गियर नव्हते. त्याच्या वाटेवर चढ मात्र भरपूर होते.

मार्शल वॉल्टर टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात झाला. वडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाची घोडागाडी हाकत. त्या घरातल्या मुलाशी मार्शलची गट्टी जमली आणि तिथूनच त्याला पहिली सायकल मिळाली. पुढे तो सायकलच्या दुकानात काम करू लागला. झाडलोट झाली की सैनिकी वेश चढवून दुकानासमोर कसरती करायच्या आणि गिऱ्हाइके जमवायची. त्या वेशावरून लोक त्याला मेजर म्हणू लागले.

तो कृष्णवर्णीय होता, म्हणून गावच्या व्यायामशाळेत त्याला प्रवेश नव्हता. १८९४ साली तर अमेरिकेतल्या मोठ्या सायकल संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केले. १८९५ साली बर्डी मंगर हा जुना शर्यतपटू त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी घेऊन गेला. तिथे त्याला व्यायामशाळेचे दार उघडे मिळाले. गावात जॉर्ज स्ट्रीट नावाचा लहानसा पण चांगलाच उभा रस्ता आहे. मेजर त्या चढावर सराव करी. दारू नाही, तंबाखू नाही, व्यायाम आणि झोप वेळच्या वेळी. आईच्या शिकवणीमुळे त्याने अनेक वर्षे रविवारी शर्यत केली नाही. त्यापायी मोठ्या रकमा सोडल्या.

१८९६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांची शर्यत झाली. अठरा वर्षांचा मेजर १७०० मैलांहून अधिक अंतर कापून आठवा आला. पण त्याचे खरे बळ कमी अंतराच्या वेगात होते. ते पाहून प्रतिस्पर्धी एक होत, त्याला मधे कोंडत, धक्के देत. १८९७ साली टॉन्टन येथे शर्यत संपल्यावर एकाने त्याचा गळा इतका आवळला, की तो बेशुद्ध पडला. दक्षिणेकडच्या मैदानांवर तर त्याला उतरूच देत नसत. भांडून उपयोग नव्हता. फट दिसताच निसटायचे आणि मग कोणाच्या हाती लागायचे नाही, एवढेच त्याच्या हाती होते. त्यासाठी लागणारा वेग सरावातूनच आला.

१८९९ साली माँट्रियल येथे तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. १९०१ साली पॅरिसमध्ये आदल्या वर्षीच्या जगज्जेत्या जॅकलॅंशी त्याची गाठ पडली. पहिल्या लढतीत मेजर हरला. थोड्याच दिवसांनी पुन्हा लढत झाली आणि तो जिंकला.

१९१० साली तो निवृत्त झाला. पुढे धंद्यात पैसा गेला. स्वतः लिहिलेले आत्मचरित्र तो दारोदार विकत असे. २१ जून १९३२ रोजी शिकागोच्या धर्मादाय इस्पितळात त्याचे निधन झाले आणि निनावी थडग्यात दफन झाले. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष सन्मानाने दुसरीकडे हलवून त्यावर नावाची पाटी लावली. २००८ साली वूस्टरमध्ये त्याचे स्मारकही उभे राहिले.

कष्ट केले की सगळे मिळतेच, असे ही गोष्ट सांगत नाही. मेजरला पैसा टिकवता आला नाही आणि न्यायही उशिरा मिळाला. पण पंच, प्रेक्षक, प्रतिस्पर्धी यांपैकी काहीही त्याच्या हाती नसताना रोजचा सराव मात्र त्याच्या हाती होता, आणि तो त्याने सोडला नाही. आपल्या शनिवारच्या वर्गाचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे मराठी वाचा. पालकांनो, तुम्हीही शेजारी बसा. पहिल्या दिवशी चढ उभाच वाटणार!