एक रिसेप्टर, दोन रोग आणि डॉ. खानोलकर

आमच्या भिंगारच्या गल्लीत एक आजोबा होते. त्यांच्या हाताची बोटं आत वळलेली. उकळत्या चहाचा पेला ते खुशाल धरायचे, चटका कळायचाच नाही. आम्हा पोरांना त्यांच्याजवळ जायची बंदी होती. हा कुष्ठरोग, आणि त्यात बोटं झडतात, एवढंच मला ठाऊक. खरं कारण कळलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकरांबद्दल वाचताना.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडनला पॅथॉलॉजी शिकून ते मुंबईत प्राध्यापक झाले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

पण कर्करोगाचा हा माणूस कुष्ठरोगातही तितकाच रमला! अगदी सुरुवातीचे चट्टे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून शिरतात आणि तंतूंमधून वर सरकतात, असं त्यांनी १९५१ मध्ये मांडलं. म्हणजे आधी बधिरपणा येतो. बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी.

१९७८ मध्ये ते गेले. पुढची गोष्ट त्यांना पाहता आली नाही. मज्जातंतूवर वायरच्या इन्सुलेशनसारखं मायलिनचं आवरण असतं. ते बनवणाऱ्या श्वान पेशींवर वाढीचा संदेश घेणारा 'अर्ब-बी-टू' रिसेप्टर असतो. एरवी तो जोडीदार रिसेप्टरच्या साथीने चालू होतो. कुष्ठरोगाचा जंतू मात्र थेट त्यालाच चिकटून स्विच दाबतो आणि इन्सुलेशन उखडतं, हे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. पेशी मारायची नाही, तिचीच यंत्रणा वापरून वर्षानुवर्षं ठाण मांडायचं, ही या जंतूची चाल!

गंमत म्हणजे स्तनाच्या काही कर्करोगांत हाच रिसेप्टर प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. खानोलकरांचे दोन्ही रोग एकाच स्विचपाशी भेटले.

आज सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण गेलेली संवेदना नेहमीच परत येते असं नाही. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दाखवा. आमच्या आजोबांना कुणी हे वेळेवर सांगितलं असतं तर? निदान आम्ही पोरं त्यांच्यापासून पळालो तरी नसतो.