टॉलस्टॉयच्या घरची आजी

उन्हाळ्यात लेकी-नातवंडांनी घर भरलं की आजीला बसायला फुरसत नसते. थोर रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांच्या घरीही तेच होतं.

पत्नी सोफियाचा जन्म १८४४ चा. १८ व्या वर्षी लग्न, नवरा ३४ वर्षांचा. १३ मुलं झाली, ५ लहानपणीच गेली. ‘युद्ध आणि शांती’च्या प्रती हातानं पुनःपुन्हा उतरवल्या त्या हिनेच.

यास्नाया पोल्यानाच्या वाड्यात दर उन्हाळ्याला धाकटी बहीण तान्या मुलाबाळांसह मुक्कामाला यायची. पुढे नातवंडं आली. शिवाय चित्रकार रेपिन, संगीतकार तानेयेव आणि टॉलस्टॉयचे अनुयायी, कधी अगदी अनोळखीसुद्धा. टॉलस्टॉय शाकाहारी झाल्यावर स्वयंपाक दोन तऱ्हेचा! हाताशी स्वयंपाकी, नोकर होते, तरी काय शिजवायचं नि कोणाला कुठे निजवायचं हे तीच बघायची. लिंबाची ‘आंके’ नावाची गोड पाय सणावाराला हवीच. वर हिशेब, पुस्तकं छापून घेणं आणि फोटोग्राफीचा छंद.

साधं राहा, असं जगाला सांगायचे टॉलस्टॉय. ते ऐकायला येणाऱ्यांचं चहा-जेवण मात्र हिच्याकडे. तिची चिडचिड व्हायची, भांडणंही व्हायची. मला तरी त्यात नवल वाटत नाही.

१९१० मध्ये ८२ वर्षांचे टॉलस्टॉय रात्री घर सोडून निघाले. अस्तापोवो स्टेशनवर ते आजारी पडले. सोफिया धावत पोचली, पण अगदी शेवटपर्यंत तिला आत सोडलं नाही.

ती परत त्याच घरी आली. विधवा झालेली लेक तात्याना नातीला घेऊन पुढे तिथेच राहायला आली. घर बघायला येणाऱ्यांना सोफिया स्वतः खोल्या दाखवायची. १९१९ मध्ये ती त्याच घरात गेली.