पांढऱ्या पंखांवरचे काळे ठिपके

कार्ल लिनिअस म्हटले की शाळेत शिकलेली दोन शब्दांची शास्त्रीय नावे आठवतात. तो मुळात डॉक्टर होता, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. स्वीडनमधल्या एका पाद्र्याच्या घरी १७०७ साली जन्मलेल्या लिनिअसने १७३५ मध्ये हॉलंडमध्ये वैद्यकाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिवताप. चिकणमातीच्या जमिनीजवळ राहणाऱ्यांच्या रक्तात मातीचे बारीक कण जातात आणि त्यातून हा ताप येतो, असे त्याने मांडले. जागा बऱ्यापैकी हेरली, कारण साफ चुकले. (डासाचा गुन्हा उघडकीस आला तो १८९७ मध्ये, आपल्याकडे सिकंदराबादेत.) पुढे स्टॉकहोममध्ये दवाखाना, नौदलाची नोकरी आणि १७४१ पासून उप्साला विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे प्राध्यापकपद.

रुग्ण तपासणारी ही नजर कीटकांवरही फिरत होती. पंखांवर बारीक खवले म्हणून फुलपाखरे आणि पतंगांच्या गटाला ‘खवलेपंखी’ या अर्थाचे नाव त्यानेच दिले. युरोपातल्या भाजीच्या बागांत उडणारी पांढरी फुलपाखरे लांबून सारखीच दिसतात. १७५८ च्या ग्रंथात त्याने त्यांच्या तीन जाती वेगळ्या नोंदल्या आणि कोबी-सलगमसारख्या वनस्पतींवरून त्यांना नावे दिली. त्या ओळखायच्या कशा? नुसत्या आकारावर जाऊ नये, तो फसवतो. कोबीवरच्या मोठ्या फुलपाखराच्या पुढच्या पंखाचे टोक गडद काळे असते आणि तो काळा रंग कडेने बराच खाली उतरतो. वरच्या बाजूला मादीला दोन ठळक ठिपके, नराला एकही नाही. लहान जातीत टोक फिकट करडे, कडेने फारसे न उतरणारे; मादीला दोन ठिपके, नराला बहुधा एक. तिसऱ्या जातीसाठी फुलपाखरू पंख मिटून बसेपर्यंत थांबावे लागते. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला शिरांलगत हिरवट छटा दिसते. तिथे हिरवा रंग नसतोच. पिवळ्या खवल्यांत मिसळलेले काळे खवले डोळ्यांना हिरवे भासतात.

पण ठिपक्यांनी खुद्द लिनिअसलाही फसवले. पांढऱ्यांच्याच कुळातल्या एका पिवळ्या फुलपाखराला त्याने १७५८ मध्येच नाव दिले होते. लंडनचा औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर याने १७०२ मध्ये तशाच एका फुलपाखराचे चित्र छापले होते. त्यावर काळे ठिपके आणि निळे चंद्र होते. लिनिअसने ती वेगळी जात धरली आणि ग्रहणावरून तिचे नाव ठेवले. १७६७ च्या आवृत्तीत ती आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १७९३ मध्ये, त्याचाच शिष्य फॅब्रिशियस याने तो नमुना पाहिला. ठिपके आणि चंद्र कुणीतरी रंगाने काढलेले होते! अंगावरच्या डागांवरून निदान करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट जरा झोंबतेच. डाग आधी बोटाने पुसून पाहावा, हे आम्ही विद्यार्थ्यांना उगाच सांगत नाही.

१७७४ मध्ये लिनिअसला पक्षाघाताचा झटका आला, दोन वर्षांनी दुसरा. उजवी बाजू गेली, स्मृतीही गेली. स्वतःचेच ग्रंथ तो कौतुकाने चाळायचा, पण ते आपण लिहिले आहेत हे त्याला ओळखता येत नसे, असे सांगतात. जानेवारी १७७८ मध्ये तो गेला.