रुरकीचा इंजिनिअर, निजामाचा फोटोग्राफर

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये सध्या कॅमेऱ्यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक एसएलआरवाल्यांची, दुसरी मिररलेसवाल्यांची. एकीला शटरचा तो खणखणीत आवाज हवा, दुसरीला पिशवीत मावेल असा हलका कॅमेरा. मेसमध्ये भाजी गार होते, पण वाद काही संपत नाही. म्हणून मी या अंकात अशा एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं, ज्यांनी कॅमेऱ्यातला असाच मोठा बदल स्वतः अनुभवला होता. विशेष म्हणजे तेही आपल्यासारखेच इंजिनिअरिंग कॉलेजातून आले होते. ते म्हणजे राजा दीनदयाळ.

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. जैन कुटुंब. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटी रुरकीत. १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम एस्टिमेट काढण्याचं आणि ड्रॉइंग करण्याचं. थोडक्यात, ज्या विषयांच्या शीट्स आपण सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण करतो, त्यावर त्यांचं पोट होतं! १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्यामुळे ड्रॉइंग बोर्डवरचा हा माणूस थेट राजेरजवाड्यांच्या दरबारात पोचला.

पण त्या काळचा फोटो म्हणजे काय प्रकरण होतं ते ऐका. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे जिथं फोटो, तिथं काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि ओझं वाहायला माणसं आलीच. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या. आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या, कमी वेळात चित्र पकडणाऱ्या, आणि सावकाश स्टुडिओत नेऊन धुता येणाऱ्या. दीनदयाळांची भरभराट झाली ती याच काळात. १८८२ मध्ये ते सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारताच्या दौऱ्यावर गेले आणि किल्ले, देवळं, राजवाडे टिपले. त्यातून १८८६ साली मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचं पुस्तक निघालं. त्या फोटोंतले खांब बघा, कसे ओळंब्यात उभे आहेत! काच बदलली, पण रुरकीत तयार झालेली नजर तीच राहिली.

आता आपला वाद. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत आरसा असतो. तो उजेड वर प्रिझमकडे पाठवतो, म्हणून लेन्समधून जे येतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो. त्या आरशाला जागा लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, तर मिररलेस झेड माउंटमध्ये फक्त १६. २००८ साली पॅनासॉनिकनं ल्युमिक्स जी-१ आणला आणि आरसा काढून सेन्सरवरचं चित्रच डोळ्यापुढे दाखवायची वाट खुली झाली. गंमत अशी, की दीनदयाळांच्या पेटीसारख्या कॅमेऱ्यातही आरसा नव्हताच. काळ्या कापडाखाली डोकं घालून घासलेल्या काचेवर उलटं चित्र बघायचं, मग तिथं प्लेट सरकवायची. म्हणजे जे नवीन म्हणून आपण मिरवतो, त्यातलं निम्मं तरी आजोबांच्या ट्रंकेतलंच निघतं.

मी कळमनुरीचा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर. म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्तच कुतूहल. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता, १८९६ मध्ये मुंबईतही निघाला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका युरोपियन बाईंकडे सोपवला. १८९४ मध्ये निजामानं त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्लाही त्यांच्या काचेवर उतरला.

पण मला थांबवणारे फोटो वेगळेच आहेत. १८९९-१९०० चा दुष्काळ. औरंगाबाद भागातल्या मदतकार्याची छायाचित्रं त्यांच्या स्टुडिओनं काढली. बरगड्या मोजता येतील अशी माणसं, पोरं, बाया. तीही आमच्याच मराठवाड्याची. दरबारातल्या नवाबांच्या फोटोंना नावं आहेत, किताब आहेत. या माणसांचे जे फोटो मी पाहिले, त्यांत कुणाचंच नाव नाही. त्यातलं कुणी आपल्याच घराण्यातलं असेल, तरी आज ओळखणार कसं?

१९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या, म्हणून आज आपण त्या बघू शकतो.

तेव्हा दोस्तांनो, एसएलआर घ्या नाहीतर मिररलेस घ्या. दीनदयाळांनी हलक्या झालेल्या कामाचा फायदा घेऊन जास्त गावं, जास्त माणसं टिपली. तेवढं तरी आपण करूच. पण जे राहून गेलं, तेही आता आपल्यालाच करायचं आहे. सुट्टीत गावी गेलात की आजीचा, सालगड्याचा, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीचा फोटो काढा, आणि त्याच्याबरोबर नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. त्याला ना आरसा लागतो, ना महागडी लेन्स. दोन रुपयांचा पेन पुरतो.