बंदुकांवर वेली फुलवणारा निमश्के

चापाखालची कडी खाली ओढून वर घेतली की नवी गोळी आपोआप नळीत चढवणारी लिव्हर-ॲक्शन रायफल हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटांनी जगभर पोहोचवली. अशा अनेक रायफलींवर पानाफुलांची नक्षी कोरणारा लुई डॅनियल निमश्के मात्र शस्त्रसंग्राहकांच्या वर्तुळाबाहेर फारसा पोहोचला नाही. त्या वर्तुळात मात्र त्याचे नाव अत्यंत आदराने घेतले जाते.

निमश्केचा जन्म १८३२ साली जर्मनीतला. १८५० च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला आणि १९०४ मध्ये मृत्यू होईपर्यंत नक्षीकामातच रमला. शस्त्रांचे बडे व्यापारी स्कायलर, हार्टली अँड ग्रॅहम यांच्यासाठीही त्याने काम केले. भरदार, वळणदार वेली आणि त्यांच्यामागे बारीक ठिपक्यांची पार्श्वभूमी ही त्याच्या हाताची ओळख. वेल उठून दिसते ती या ठिपक्यांमुळेच.

विंचेस्टर कंपनीची १८६६ ची रायफल नक्षीकारांच्या पथ्यावर पडली. तिची मधली चौकट तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणजे गनमेटलची होती. पिवळसर रंगामुळे तिला ‘यलो बॉय’ हे टोपणनाव मिळाले. हा धातू मऊ असल्याने छिन्नी त्यावर सहज चाले. १८७३ च्या रायफलीची चौकट मात्र प्रथम लोखंडाची आणि पुढे पोलादाची झाली. अशा चौकटीचा पृष्ठभाग कारखान्यात कठीण केलेला असेल, तर छिन्नीचे टोकच मोडते. म्हणून एक तर हे कठीणीकरण होण्यापूर्वीच कोरायचे, नाही तर चौकट लाल तापवून अगदी सावकाश थंड करायची, कोरायची आणि मग पुन्हा कठीण करायची. या खटाटोपात धातू वाकला, तर रायफलीची यंत्रणा अडते.

खरे तर नक्षीपूर्वीची ही तयारीच कारागिराची कसोटी पाहते. रायफल पूर्ण सुटी करायची, जुनी झिलई उतरवायची आणि पृष्ठभाग घासदगडाने सपाट करायचा. घाईने किंवा मऊ फडक्यावर घासले की कडा गोल होतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती खळगे पडतात आणि नळीवरची अक्षरे पुसट होतात. त्यानंतरची नक्षी कितीही सुंदर असली, तरी जाणकाराची नजर आधी त्या बोथट कडेवरच जाते. शिवाय घासलेला धातू परत येत नाही. त्यामुळेच आज शंभर-सव्वाशे वर्षांच्या अस्सल रायफलीवर नवी नक्षी करायला अनुभवी संग्राहक धजावत नाहीत. मूळची झिलई गेली, की इतिहासाबरोबर किंमतही जाते. ज्या रायफलीची मूळ झिलई आधीच नष्ट झाली आहे, तिचीच या कामासाठी निवड करणे त्यातल्या त्यात शहाणपणाचे.

निमश्केची आणखी एक सवय पुढच्या पिढ्यांना फार मोलाची ठरली. काम झाले की तो कोरीव रेषांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून घेई आणि कागदावर ठसा उमटवी. हे ठसे त्याने एका वहीत जपून ठेवले. नक्षीकारांमध्ये सही करण्याची प्रथा सार्वत्रिक नव्हती. त्यामुळे कोणते काम कोणाचे, हा वाद संग्राहकांत नेहमीचाच. जुन्या रायफलीवर नवी नक्षी कोरून ती जुनी म्हणून विकणारेही असतात. अशा वेळी ही वही साक्षीदाराचे काम करते. वेलीचे वळण हुबेहूब उचलता येईल, पण छिन्नीच्या प्रत्येक घावाची खोली आणि ठिपक्यांची दाटी जुळवणे अवघड.

आर. एल. विल्सन यांनी १९६५ मध्ये ही वही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वहीतले ठसे अर्थातच उलटे आहेत. अक्षरे उजवीकडून डावीकडे धावतात आणि डावीकडे वळणारी वेल उजवीकडे वळलेली दिसते. हातातली रायफल त्यांच्याशी ताडून पाहायची, तर पुस्तक आरशासमोर धरावे लागते.